बारा सह्या

बायको गेली हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. मी तेव्हा एका सात मजली ऑफिसच्या लिफ्टच्या खड्ड्यात होतो. खड्ड्यात उतरताना फोन वर मशीन रूममध्ये ठेवायचा, हा माझा नियम. फोन वाजला की माणसाचं लक्ष जातं, आणि डोक्यावर लिफ्ट असते. दीड तासाने वर आलो, हात पुसले, फोन बघितला तर एकवीस कॉल येऊन गेलेले. त्यातले चौदा साडूचे. साडू मला वर्षातून एकदा फोन करतो, तोही चुकून लागलेला असतो. चौदा आकडा बघितल्यावर मी उलट फोन केलाच नाही, मेसेजमधलं हॉस्पिटलचं नाव तेवढं वाचलं. सात मजले जिन्याने उतरलो. लिफ्ट मीच बंद करून ठेवली होती.

ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता खाली बसली, ती उठलीच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. रडणं उरकलं होतं, पुढचं ठरवणं उरकलं होतं. तिच्या मोठ्या बहिणीने मुलीला शाळेतून आणून स्वतःच्या घरी पाठवलं होतं. मुलीला सांगायचं कामही झालं होतं. ते साडूने केलं.

"मी तिला म्हटलं, बाळा, तुझी आई आता तारा झाली," साडू मला सांगत होता. डोळे मिटून, मान हलवत. "लगेच कळलं तिला. मुलं फार समजूतदार असतात हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कुठला तारा? मग दाखवला मी खिडकीतून."

दुपारचे चार वाजले होते. भर उन्हात ह्या माणसाने नऊ वर्षांच्या पोरीला तारा दाखवला होता, आणि वर मला अभिमानाने सांगत होता. साडू विम्याच्या कंपनीत आहे. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर लिहिलेला एक सुविचार तो सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. बायको गेली त्या दिवशीचाही पाठवला होता, सकाळी सात वाजता. माझ्या एकवीस कॉलच्या खाली तो होता.

मुलगी त्यांच्याकडे राहिली ती 'थोडे दिवस' म्हणून. ताई, म्हणजे मेहुणी, नाकाने कांदे सोलणारी बाई. घर एवढं स्वच्छ की पाय कुठे ठेवावा कळत नाही. ती म्हणाली, "भाऊजी, तुमची ड्यूटी ही अशी. कधी कुठे कोण अडकेल आणि तुम्हाला पळावं लागेल. पोरीने एकटीने दाराला कुलूप लावून बसायचं का?" ह्यात खोटं काही नव्हतं. लिफ्ट बंद पडताना वेळ बघत नाही. मी हो म्हणालो. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांचं वर्ष झालं. मी रविवारी जायचो, तर ती कधी नाचाच्या क्लासला, कधी वाढदिवसाला. एका रविवारी ताईने दारातच सांगितलं की ती झोपली आहे, आणि आतून मला तिच्या हसण्याचा आवाज आला. मी त्यांच्या दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटाला लाथ मारली. कपाट जिन्यावरून खाली गेलं, एकेक पायरी मोजत. तीन मजल्यांचे लोक बाहेर आले.

त्या एका लाथेने प्रकरण मुलांच्या कार्यालयात गेलं. तिथल्या साहेबांनी ठरवलं की सहा महिने भेट नाही. बापाने दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायचं, ते समुपदेशक बाईंकडे द्यायचं. बाई आधी वाचतील, मग सोमवारी संध्याकाळी मुलगी कार्यालयात येऊन ते घेईल. सहा महिन्यांनी मुलीलाच विचारतील, कोणाकडे राहायचं. तोवर ती दहा पूर्ण झालेली असेल. दहाव्या वर्षी विचारतात, असा नियम आहे म्हणे.

आता ह्या समुपदेशक बाई. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, आवाज असा की जणू समोरचा कायम तापाने फणफणला आहे. त्यांनी मला एक पुस्तिका दिली. 'दूर असलेल्या मुलाला मनापासून पत्र.' मुखपृष्ठावर दात दाखवणारं एक कुटुंब. आत सूचना. मुलाला सांगा की तो तुमच्या आयुष्यातलं इंद्रधनुष्य आहे. प्रश्न विचारू नका. तक्रार करू नका. गेलेल्या व्यक्तीचा उल्लेख शक्यतो टाळा. घरातल्या चांगल्या बदलांविषयी लिहा. हे ज्याने लिहिलं त्याचं मूल बहुधा शेजारच्या खोलीत झोपलेलं असणार.

माझं पहिलं पत्र असं होतं: 'पाना, मी बरा आहे. मंगळवारी दवाखान्यातल्या लिफ्टचं दार बंद होईना. फटीत डॉक्टरचं पेन पडलं होतं. डॉक्टर म्हणाले राहू द्या तुम्हालाच. तुझ्यासाठी ठेवलं आहे. तू नीट जेवतेस का? बाबा.'

पाना हे मी तिला ठेवलेलं नाव. पाच वर्षांची असताना ती माझ्या हत्यारांच्या पिशवीतून बरोबर दहा नंबरचा पाना काढून द्यायची. बारा मागितला तरी दहाच.

पत्र परत आलं, लाल पेनाने खुणा केलेलं. 'पाना हे संबोधन मुलीला कमीपणा आणणारं वाटू शकतं.' 'जेवतेस का ह्या प्रश्नातून सांभाळणाऱ्या कुटुंबावर अविश्वास दिसतो.' आणि खाली, दोन रेघा मारून: 'भावना दिसत नाहीत.'

"कशा दिसायला हव्यात?" मी विचारलं.

"तुम्हाला तिची आठवण येते ना? मग ते शब्दांत आणा. मन मोकळं करा."

"ते पेन तिच्यासाठी ठेवलंय, असं लिहिलंय की."

बाई हसल्या. तापाने फणफणलेल्या माणसाकडे बघून हसतात तशा.

मी शिकलो. अवघड काहीच नव्हतं. दुसऱ्या पत्रात 'माझ्या लाडक्या मुली' घातलं, तिसऱ्यात एक इंद्रधनुष्य टाकलं. चौथं वाचून बाई म्हणाल्या, "बघा, किती छान बदल झालाय तुमच्यात." बदल पत्रात झाला होता. मी खड्ड्यात उतरत होतो तसाच उतरत होतो.

मुलीचं उत्तर यायचं दोन ओळींचं, तेही बाईंनी वाचलेलं. चौथ्या पत्राला आलेलं उत्तर मात्र मोठं होतं.

'बाबा, आईचा जास्तीचा चष्मा कपाटात आहे, निळ्या डबीत. वरच्या फळीवर स्वेटरच्या मागे. तो मला द्याल का? मावशी म्हणते डोळे बिघडतील. मी घालणार नाही, नुसता ठेवणार आहे. आणि माझ्या खोलीला आई फिकट पिवळा रंग देणार होती. तो दिला का?'

तिची खोली आतली. त्याच खोलीत बायकोचं कपाट आहे. रंग द्यायचा तर कपाट भिंतीपासून ओढायला हवं, ओढायचं तर रिकामं करायला हवं, रिकामं करायचं तर उघडायला हवं. बायको गेल्यापासून मी ते उघडलं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत झोपत होतो, आणि आतल्या खोलीत लिफ्टच्या घसरपट्ट्या, जुने रोलर, दोरांची भेंडोळी असला माल टाकत होतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं मी दार फाकवून बाहेर काढतो. दोन हातांनी. ते कपाट मात्र मला जमत नव्हतं. असो, मला तो विषय नको आहे.

पाचवं पत्र चुकलं. शनिवारपासून लिहायचं म्हणत होतो. सोमवारी दुपारी एका इमारतीत पाच माणसं चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली, त्यात एक दम्याची बाई. त्यांना काढून, दोर तपासून मी निघालो तोवर कार्यालय बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी फोन केला.

"ती इथे येऊन पाऊण तास बसली होती. मी सांगितलं, पत्र नसेल आलं, तर म्हणाली, येईल, बाबांचं काम लांबलं असेल. नियमितपणा फार महत्त्वाचा असतो हो. मुलं त्यावरच विश्वास ठेवायला शिकतात."

तो पाऊण तास मनाला लागला. बाकी बाईंचं बोलणं मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

इथे मला 'बारासही'बद्दल सांगायला हवं. माझ्या पहिल्या कंपनीत एक जण होता, त्याला आम्ही बारासही म्हणायचो. प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये भिंतीवर एक कार्ड टांगलेलं असतं. बारा महिन्यांचे बारा चौकोन. दर महिन्याला जायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, तेल घालायचं, मग त्या महिन्याच्या चौकोनात सही करायची. हा पठ्ठ्या वर्षाच्या सुरुवातीला एका दिवसात बाराही चौकोनांत सह्या ठोकायचा. तारखा घालून, शाईसुद्धा बदलून. कार्ड गच्च भरलेलं आणि लिफ्ट कोरडी ठणठणीत. तपासनीस यायचा, कार्ड बघायचा, म्हणायचा, वा, काम कसं चोख आहे. तपासनीस येणार हे आधी आठ दिवस सगळ्यांना ठाऊक असायचं, हा वेगळा विनोद. बारासही पुढे सुपरवायझर झाला. मी त्याच्या हाताखाली एक दिवसही काढला नाही, राजीनामा दिला. आयुष्यात मी ज्या कोणाला तुच्छ मानलं त्यांत तो पहिला. साडू दुसरा.

मुलीला सुट्टीत मशीन रूममध्ये न्यायचो तेव्हा तिला कार्ड वाचायला लावायचो. तिला सांगायचो, बघ, ह्या चौकोनातली शाई वेगळी आणि त्या चौकोनातली वेगळी. हात मात्र एका दिवसाचाच आहे. ती लगेच ओळखायची. "बाबा, बारासही!" करून ओरडायची, आणि खाली वॉचमन दचकायचा.

तर पाचवं पत्र चुकलं, त्यानंतरच्या रविवारी मी सकाळी दहा वाजता कागद घेऊन बसलो आणि दुपारी दोनपर्यंत उरलेली आठही पत्रं लिहून काढली. पुढच्या तारखा घालून. आता एकही चुकणार नव्हतं. आठ पाकिटं पिशवीच्या कप्प्यात, दर दुसऱ्या सोमवारी जाता जाता एकेक द्यायचं. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. बारासहीची आठवणसुद्धा झाली नाही. झाली असती तरी मी म्हटलं असतं, तिथे लिफ्ट होती, इथे भावना आहेत. भावनांना कुठे तेल घालावं लागतं.

आता पुढच्या तारखेचं पत्र लिहायचं म्हणजे काय लिहायचं? घडलेलं काहीच हाताशी नसतं. मग मी घडणार होतं ते लिहिलं. सहाव्या पत्रात तिच्या खोलीला फिकट पिवळा रंग दिला. सातव्यात खिडकीला जाळी बसवली आणि पुस्तकांसाठी फळी ठोकली. आठव्यात, 'आज आईचं कपाट उघडलं. थोडं रडू आलं, पण बरं वाटलं. चष्मा मिळाला, निळ्या डबीतच होता. तो तुझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. येशील तेव्हा घे.' हे सगळं मी करणार होतो, त्या त्या तारखेच्या आधी. शपथेवर करणार होतो. आणि लिहून झाल्यावर, खरं सांगतो, ते केल्यासारखंच वाटायला लागलं. करायची घाई राहिली नाही.

आठवं पत्र वाचून बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कपाटाबद्दल लिहिलंत ते... फार कठीण असतं हो ते. तुम्ही खूप पुढे आला आहात."

मी मान खाली घालून उभा राहिलो. नम्र दिसलो असेन.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराला दार वाजलं. उघडलं तर बाहेर बाई, त्यांच्या मागे ताई आणि साडू, आणि साडूच्या कोपराखालून माझी मुलगी. चार महिन्यांत इतकी उंच झाली होती की माझं लक्ष आधी तिच्या बाहीकडे गेलं. बाही मनगटाच्या चार बोटं वर होती.

"घरभेट न सांगता करायची असते," बाई म्हणाल्या. "पण मला खात्रीच होती, म्हणून साहेबांना विचारून तिलाही आणलं. तिला खोली बघायची होती."

"या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

साडूने आत येताच दोन्ही हात पसरले. "मुलगी बापाच्या घरी! ह्याहून सुंदर दृश्य नाही." ताईने पदराने खुर्ची पुसली आणि बसली. मुलगी कोणाकडे न बघता सरळ आतल्या खोलीत गेली. मी मागे गेलो नाही. बाई गेल्या.

आतून काही आवाज येईना. मग खण ओढल्याचा आवाज आला. तो खण अडकतो, वर उचलून ओढावा लागतो, तिला ते माहीत होतं. त्यात लिफ्टच्या दाराचे जुने रोलर होते, आठ-दहा. ते एकमेकांवर आपटले.

मी दारात जाऊन उभा राहिलो. भिंती होत्या तशाच, राखाडी. खिडकीला जाळी नव्हती. पलंगावर दोराची दोन भेंडोळी. कपाट बंद, त्याच्या मुठीवर धूळ. मुलीने एक रोलर हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि परत ठेवला.

"रंग कुठाय?" बाईंनी मला विचारलं. आवाजातला ताप उतरला होता.

मी पलंगावरचं एक भेंडोळं उचललं, परत ठेवलं.

मुलीने दप्तरासारखी पिशवी आणली होती. त्यातून पत्रं काढली, आठवं वर घेतलं, तारीख बघितली. मग सातवं. मग सहावं. तिन्ही पलंगाच्या कडेला शेजारी शेजारी मांडली, आणि खाली वाकून बघितलं, अगदी जवळून. मी तिला शिकवलं होतं तसंच.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या एकदम केल्यात ना?"

"हो."

"काय एकदम?" ताई दारात आली होती. "काय केलं ह्यांनी?"

"बारासही," मुलगी म्हणाली.

"ते काय असतं?" बाईंनी विचारलं.

मुलीने त्यांना समजावून सांगितलं. शांतपणे, मोठ्या माणसासारखं. "लिफ्टचं कार्ड असतं. दर महिन्याला यायचं आणि सही करायची. काही लोक वर्षाच्या सगळ्या सह्या पहिल्याच दिवशी करून टाकतात. मग यावं लागत नाही."

मग साडू बोलला. तो नेहमी अशाच वेळी बोलतो. "अहो, पण भावना तर खरी होती ना? भावना पोचल्याशी कारण. रंग काय, आज नाही उद्या."

जन्मात पहिल्यांदा साडू माझ्या बाजूने बोलला, आणि मला इतकी शरम कशाचीच वाटली नव्हती. कारण ते वाक्य त्याचं नव्हतं. रविवारी दहा ते दोन मी तेच वाक्य लिहीत बसलो होतो, आठ वेळा. दुपारी चार वाजता खिडकीतून तारा दाखवणारा माणूस आणि मी, दोघे एकाच दुकानात कामाला होतो. फक्त त्याला ते ठाऊक होतं आणि तो मजेत होता.

"उरलेली द्या," मुलगी म्हणाली.

"कसली?"

"पत्रं. अजून असतील ना तुमच्याकडे. तेरापर्यंत."

मी पिशवी आणली. पाच पाकिटं तिच्या हातात दिली. तिने शेवटचं फोडलं. त्यात लिहिलं होतं, 'लाडक्या मुली, उद्या तुला विचारतील. मला माहीत आहे तू काय सांगशील. मी तुझ्या आवडीचं जेवण करून वाट बघतो आहे.' तिने वाचलं, घडी केली, पाकिटात घातलं.

"हे पण झालेलं नाही," ती म्हणाली.

रडली नाही. रडली असती तर मी जवळ गेलो असतो. तिने पत्रं गोळा केली आणि ताईकडे न बघता म्हणाली, "चला." दारापाशी मात्र थांबली, चपलेचा पट्टा लावत. खाली बघूनच बोलली.

"बाबा, झालं असेल तेवढंच लिहा. आणि झालं नसेल ते झालं नाही म्हणून लिहा. मला चालतं."

बाई आणि मुलगी जिना उतरल्या. साडू त्यांच्या मागोमाग, "सावकाश, सावकाश" करत. ताई मागे राहिली. मला वाटलं, आता ऐकवणार, आणि ऐकवायचा हक्कही होता. ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन कपाटाकडे बघत उभी राहिली.

"हिरवा स्वेटर आहे ना त्यात?" ती म्हणाली. "माझा आहे तो. मागून नेला होता, परत दिलाच नाही. नेहमीचंच तिचं."

"उघडून देऊ का?" मी म्हणालो. म्हणालो खरा, पण हात हलला नाही.

"नको." तिने नाक पुसलं. "माझी बहीण होती हो ती, भाऊजी. तुम्ही असे वागता जसं काही फक्त तुमचंच कोणीतरी गेलंय."

तिला एकदाही विचारलं नव्हतं मी. दीड वर्षात तिच्या घराची स्वच्छता, तिचं नाक, तिचा नवरा, सगळ्यावर माझं बोलून झालं होतं. आता तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो, तर म्हणाली, "राहू द्या, येतात मला पायऱ्या." ताई ती ताईच.

त्यानंतर मी पत्रं लिहितो ती त्या त्या सोमवारी सकाळी, कामावर जायच्या आधी. नववं असं होतं: 'पाना, दोर आणि रोलर खोलीतून काढले. गोदामात नेऊन टाकले. खणात आता काही नाही. जाळी आणली, बसवली नाही, स्क्रू आखूड निघाले. रंग नाही. कपाट नाही. बाबा.'

बाईंनी लाल पेन उचललं, खाली ठेवलं. "यात सकारात्मक काहीच नाही. आणि पुन्हा पाना."

"हेच द्या."

"तुमच्याच विरुद्ध जाईल हे, शेवटी अहवाल मलाच लिहायचाय."

"तुमचा अहवाल तुम्ही लिहा. हे तिला द्या."

दिलं. एवढं मात्र म्हणायला हवं की बाईंनी ते जसंच्या तसं दिलं. मुलीचं उत्तर आठवड्याने त्याच कागदाच्या मागे आलं. 'स्क्रू दीड इंची घ्या.' बस. भावना वगैरे काही नाही. मी दीड इंची घेतले.

दहाव्या पत्रात जाळी झाली. अकराव्यात, कपाट जिथे आहे ती भिंत सोडून बाकी तीन भिंतींना रंग झाला. मी लिहिलं, 'तीन भिंती झाल्या. पहिला हात पातळ झाला, ओघळ आले, घासून परत दिला. चौथी नाही.' बारावं मी कामावरून लिहिलं, एका मशीन रूममध्ये, कारण सकाळी वेळच मिळाला नव्हता. त्यात एवढंच होतं: 'ह्या पंधरवड्यात काही झालं नाही.' बाई म्हणाल्या, असं पत्र आजवर एकाही बापाने दिलेलं नाही. मी म्हटलं, दिलं नसेल, पण घडलं सगळ्यांचंच असेल. ह्यावर त्या हसल्या, आणि पहिल्यांदाच निरोगी माणसाकडे बघून हसावं तसं हसल्या. माझं त्यांच्याबद्दलचं मत काही फारसं बदललेलं नाही. ती पुस्तिका अजून त्यांच्या टेबलावर गठ्ठ्याने पडलेली असते, दात दाखवत, आणि येणाऱ्या प्रत्येक बापाला एकेक मिळते.

मंगळवारी मुलीला विचारणार आहेत. ती काय सांगेल मला माहीत नाही. ताईने फोन करून सांगितलं की ती जेवताना काहीच बोलत नाही, साडूने सुविचार वाचून दाखवला तरी नाही. हे सांगताना ताई हसली असं मला वाटलं, पण फोनवर नक्की कळत नाही.

आज सोमवार. सकाळचे साडेआठ. तेरावं पत्र समोर आहे. त्यात लिहिलंय की कपाटाची किल्ली तेल लावून फिरवून बघितली, फिरते. चष्मा काढलेला नाही. चौथ्या भिंतीला रंग दिलेला नाही. कपाट उघडलेलं नाही.